गांजा ओढला होता, आता भरतीचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सोलापुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा हा नेहमीचा प्रश्न, तोही दबक्या आवाजात: "कॉलेजात गांजा ओढलाय. तलाठी, पोलीस, रेल्वे, कुठं जमेल का?"

नुसता ओढला असेल आणि पोलिसांत काहीच नोंद नसेल, तर सहसा अडत नाही. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःच्या पूर्वइतिहासाची माहिती देण्याचा फॉर्म, भरून घेतात. त्यात विचारतात ते अटक, खटला, दंड, शिक्षा आणि चालू केस यांबद्दल. जिथं वैद्यकीय तपासणीत नशेची चाचणी असते, तिथली गोष्ट वेगळी. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत अंश तीनेक दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभरही.

खरी गाठ केस झालेल्यांची. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात १ किलोपर्यंतचा गांजा म्हणजे अल्प प्रमाण. तो जवळ सापडला तर कलम २०, म्हणजे १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढल्याचं कलम २७, त्यात कैद ६ महिन्यांपर्यंत, दंड तेवढाच. इथं पोरं फसतात ती एकाच सल्ल्यानं: "कबूल कर, दंड भर, विषय संपव." विषय संपत नाही. कबुली देऊन भरलेला दंड ही दोषसिद्धीच, मग रक्कम कितीही किरकोळ असो. कलम २७ मध्ये दोषी ठरलात तरी परिवीक्षा कायद्याखाली (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन) सोडण्याची विनंती न्यायालयाला करता येते, आणि तसं सोडलं तर त्या शिक्षेमुळे अपात्रता चिकटत नाही. कलम २० ला १८ वर्षांवरच्यांसाठी ही वाट बंद आहे. म्हणून आरोपपत्रात कलम कोणतं लागलंय ते वकिलाला आधी विचारा, कबुलीचं नंतर बघू.

केसमधून सुटलात तरी साक्षांकन नमुन्यात ती लिहायची. 'निर्दोष सुटलो, मग कशाला सांगू' म्हणून 'नाही' लिहिणारे केसमुळे नव्हे, त्या 'नाही'मुळे घरी जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलंय की माहिती खरीच द्यायची. बाब क्षुल्लक असेल तर लपवाछपवीही माफ करता येते, पण तो नेमणाऱ्याचा अधिकार. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असंही नाही. पोलीस भरतीत जास्त कडक बघतात, आणि ते बरोबरच आहे.

१८ च्या आत बाल न्याय मंडळापुढं प्रकरण मिटलं असेल, तर कायद्यानं ते अपात्रता ठरत नाही. मंडळाच्या आदेशाची प्रत मात्र जपा.

बाकीच्यांनी एफआयआर, आरोपपत्र आणि निकालाची प्रमाणित नक्कल आत्ताच काढून ठेवा. निवड यादी लागल्यावर नक्कल विभागात धावपळ नको. पत्त्याचंही तसंच. शहरातले असाल तर चारित्र्य पडताळणी पोलीस आयुक्तालयाकडं, बार्शी-पंढरपूरकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांकडं जाते. क्लाससाठी पुण्यात वर्षभराहून जास्त राहिला असाल, तर नमुन्यात मागितल्याप्रमाणे तो पत्ताही लिहा, तिथल्या ठाण्याकडूनही अहवाल मागवतात.