बाबासाहेबांच्या कोलंबियाचे अध्यक्ष

१९३० साली कोलंबिया विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात डॉ. आंबेडकरांनी लिहिलं की, आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गमित्र आणि चार प्राध्यापक: जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. ही चार नावं महाराष्ट्रात अनेकांना तोंडपाठ असतात. हे चौघे ज्यांच्या हाताखाली काम करत होते, त्यांचं नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघतं. निकोलस मरे बटलर. १९०२ ते १९४५ अशी ४३ वर्षं कोलंबियाचे अध्यक्ष, १९३१च्या शांततेच्या नोबेलचे अर्धे मानकरी. या चौघांपैकी तिघांचा १९१७ साली बटलर यांच्या कारभारामुळे कोंडमारा झाला, आणि चौथ्याच्या डोक्यातल्या कल्पनेने बटलर यांना नोबेलपर्यंत नेलं.

जन्म १८६२चा, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावचा. बालपण पॅटरसनमध्ये गेलं, म्हणजे रेशीमगिरण्यांच्या शहरात. कोलंबियातून १८८२ला बीए, १८८३ला एमए, १८८४ला पीएचडी. वयाच्या बाविसाव्या वर्षी सगळं आटोपून पॅरिस-बर्लिनला शिकायला गेले. त्याच सुमारास पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या एलिहू रूट यांच्याशी गट्टी जमली आणि रूट यांच्यामार्फत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट व टाफ्ट यांच्याशी. बटलर यांच्या आयुष्यातलं बरंचसं काम ओळखींवर चाललं आणि त्या ओळखींचं मूळ इथे आहे. शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जी संस्था पुढे टीचर्स कॉलेज म्हणून नावारूपाला आली, ती ग्रेस डॉज यांच्याबरोबर १८८७मध्ये सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या प्रवेशपरीक्षांचा गोंधळ मिटवणारं सामाईक परीक्षा मंडळ १९००मध्ये उभं राहिलं, त्यातही ते होते. १९०१मध्ये कोलंबियाचे अध्यक्ष सेथ लो न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवायला बाहेर पडले, बटलर आधी हंगामी आणि पुढच्या वर्षी कायम अध्यक्ष झाले. पदग्रहणाला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हजर होते.

अमेरिकी विद्यापीठाचा प्रेसिडेंट म्हणजे आपला कुलगुरू, असं ढोबळपणे म्हणतात. पण खासगी विद्यापीठात त्याला सरकार नेमत नाही, विश्वस्त मंडळ नेमतं, आणि त्याचं पहिलं काम पैसा उभा करण्याचं असतं. विश्वस्त म्हणजे वकील, बँकवाले, उद्योगपती, एखादा धर्मगुरू. कोलंबियाच्या नियमांत प्राध्यापकाची नेमणूक ‘विश्वस्तांची मर्जी असेपर्यंत’ असे. पुढचं समजायला हे कलम लक्षात ठेवावं लागतं. प्राध्यापक कितीही मोठा असो, त्याला काढायला चौकशी, सुनावणी, अपील यांतलं काहीच लागत नसे.

पैसा उभा करण्यात बटलर वस्ताद होते. पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२मध्ये पत्रकारितेचं महाविद्यालय सुरू झालं आणि १९१७पासून पुलित्झर पुरस्कार दिले जाऊ लागले. मॅनहॅटनच्या मध्यावर विद्यापीठाची एक जुनी जमीन होती, १८१४मध्ये न्यूयॉर्क राज्याने दिलेली, एके काळी वनस्पती उद्यान असलेली. ती १९२८मध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना भाडेपट्ट्याने दिली. आजचं रॉकफेलर सेंटर तिच्यावर उभं आहे. विद्यापीठाने ती १९८५पर्यंत विकली नाही, नुसतं भाडं घेत राहिलं. राजकारणाची हौसही दांडगी होती. १९१२च्या निवडणुकीत मतदानाला काही दिवस उरले असताना रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार शर्मन वारले, आणि त्यांच्या जागी बटलर यांचं नाव आलं. पक्षाला युटा आणि व्हरमाँट मिळून आठच निर्वाचक मतं पडली. १९२०मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केला, तोही फसला.

शांततेच्या कामातही त्यांची तीच कार्यशैली दिसते. न्यूयॉर्क राज्यात लेक मोहोंक या तळ्याकाठी एक हॉटेल आहे. तिथे १८९५पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय लवादावर परिषद भरे. न्यायाधीश, मुत्सद्दी, व्यापारी, प्राध्यापक जमत. बटलर यांनी अनेकदा तिचं अध्यक्षस्थान भूषवलं. १९१२च्या भाषणात त्यांनी ‘आंतरराष्ट्रीय मन’ हा शब्दप्रयोग रूढ केला: परराष्ट्राशी वागताना आपलं राष्ट्र हे अनेक समान, सहकारी राष्ट्रांपैकी एक आहे असं धरून चालण्याची सवय. यात कुठेही सैन्यात जायला नकार, कर न भरणं, सत्याग्रह असलं काही येत नाही. बटलर यांची शांतता दोन सरकारांमधली होती आणि ती न्यायालय, तह व लवाद यांतून यायची होती. सरकार आणि त्याचा नागरिक यांच्यातल्या शांततेला तिच्यात जागा नव्हती.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांना शांततेसाठी मोठा निधी द्यायला वळवणाऱ्यांत बटलर आणि रूट आघाडीवर होते. १४ डिसेंबर १९१० रोजी कार्नेगींनी १ कोटी डॉलरचे, पाच टक्के व्याजाचे तारण-रोखे विश्वस्तांच्या हवाली केले. म्हणजे वर्षाला ५ लाख डॉलर घरबसल्या. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की, युद्ध नाहीसं झालं की विश्वस्तांनी त्यानंतरची सर्वांत घातक सामाजिक कीड शोधून तिच्यामागे लागावं. युद्ध हा एखादा प्रकल्प आहे आणि तो पूर्ण झाल्यावर शिल्लक रकमेचं काय करायचं, असा तो हिशेब! या निधीतून उभ्या राहिलेल्या कार्नेगी एंडोमेंट या संस्थेचे तीन विभाग झाले: आंतरराष्ट्रीय कायदा, अर्थशास्त्र व इतिहास, आणि संपर्क व शिक्षण. तिसरा बटलर यांच्याकडे. या विभागातलं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे बाल्कन युद्धांच्या चौकशीसाठी १९१३मध्ये पाठवलेलं मंडळ. ते प्रत्यक्ष जाऊन आलं, आणि कुठल्याच बाजूला न सोडता कत्तलींचा अहवाल १९१४मध्ये छापला गेला. आजही इतिहासकार तो उघडतात. गावोगावच्या ग्रंथालयांना परदेशांविषयीची पुस्तकं पाठवणं, महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंधांची मंडळं चालवणं हेही याच विभागाने केलं. १९२५ ते १९४५ बटलर संपूर्ण संस्थेचेच अध्यक्ष होते.

बाबासाहेब १९१३मध्ये न्यूयॉर्कला आले, १९१६मध्ये लंडनला गेले. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका महायुद्धात उतरली. कार्नेगी एंडोमेंटच्या विश्वस्तांनी ठराव केला की, टिकाऊ शांततेचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे जर्मनीविरुद्धचं युद्ध अंतिम विजयापर्यंत नेणं. त्याआधी मार्चमध्येच कोलंबियाच्या विश्वस्तांनी प्राध्यापकांची शिकवण देशनिष्ठ आहे का हे तपासायला समिती नेमली होती. प्राध्यापक खवळले. त्यांच्या बाजूने नऊ जणांची समिती झाली, अध्यक्ष सेलिग्मन आणि सदस्यांत ड्यूई. जूनच्या पदवीदान समारंभात बटलर यांनी जाहीर केलं की, युद्धापूर्वी जे चालवून घेतलं ते आता चालवून घेतलं जाणार नाही. तेव्हा जो मूर्खपणा होता तो आता देशद्रोह ठरेल.

ऑगस्टमध्ये जेम्स मॅकीन कॅटेल यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना पत्र पाठवलं. सक्तीने भरती केलेल्या जवानांना त्यांच्या इच्छेविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नये, अशा कायद्याला पाठिंबा द्या, इतकंच त्यात होतं. कॅटेल साधे नव्हते. अमेरिकेतले मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक, १८९१पासून कोलंबियात. विद्यापीठ विश्वस्तांनी नव्हे, प्राध्यापकांनी चालवावं असं ते वर्षानुवर्षं लिहीत होते, आणि अध्यक्षांना टोमणे मारण्याची संधी सोडत नसत. त्यांना घालवायचा प्रयत्न १९१३मध्येही झाला होता. म्हणजे युद्ध हे निमित्त मिळालं, राग जुनाच होता. त्यांना निवृत्त करावं, इथपर्यंत यायला सेलिग्मन समिती तयार झाली होती. १ ऑक्टोबरला विश्वस्तांनी थेट बडतर्फ केलं. त्यांच्याबरोबर कवी लाँगफेलोंचे नातू हेन्री डाना यांनाही. डाना यांचा गुन्हा युद्धविरोधी संघटनेशी संबंध ठेवण्याचा. ड्यूईंनी समितीचा राजीनामा दिला.

आठवड्याभरात इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी प्राध्यापकपदच सोडलं. बिअर्ड युद्धाच्या बाजूचे होते, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांची तक्रार मतांविषयी नव्हतीच. शिक्षणक्षेत्रात ज्यांना काडीची प्रतिष्ठा नाही असे मूठभर विश्वस्त विद्यापीठ चालवतात, आणि अशा ठिकाणी राहून युद्धाला दिलेल्या पाठिंब्यालाही किंमत उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. रॉबिन्सन १९१९मध्ये बाहेर पडले. त्यांनी आणि बिअर्ड यांनी इतरांना घेऊन न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च सुरू केलं. कॅटेल यांनी पुढे दावा लावून विद्यापीठाकडून पैसे वसूल केले.

याच काळात प्रवेशअर्जही बदलला. पूर्वी परीक्षेत गुण मिळाले की प्रवेश मिळे, आणि न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली ज्यू मुलं गुणांत कमी नव्हती. महायुद्धानंतर कोलंबिया कॉलेजच्या अर्जात धर्म, आईवडिलांचं जन्मस्थान, बापाचा धंदा हे रकाने आले, छायाचित्र आणि मुलाखत आली, १९१९पासून मानसशास्त्रीय चाचणीही. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २०च्या आसपास उतरलं. अमुक जातीला प्रवेश नाही असं कुठेच लिहावं लागलं नाही. आडनाव आणि गाव विचारून जात काढण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या अर्जाची रचना वेगळी समजावून सांगायला नको. १९२८मध्ये ब्रुकलिनला सेथ लो ज्युनियर कॉलेज काढलं, तिकडे बरीचशी ज्यू आणि इटालियन मुलं वळवली गेली. विज्ञानकथा लिहिणारे आयझॅक असिमॉव्ह तिथलेच.

आता नोबेलकडे. मार्च १९२७मध्ये शॉटवेल पॅरिसमध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांना भेटले आणि त्यांनी सुचवलं की, फ्रान्स-अमेरिकेने आपसात युद्ध कायमचं वर्ज्य करण्याचा करार करावा. ६ एप्रिलला, अमेरिका युद्धात उतरल्याच्या दहाव्या वर्षदिनी, ब्रियांनी अमेरिकी जनतेला उद्देशून तसा संदेश दिला. तो जवळजवळ वाया गेला. वॉशिंग्टनने ढुंकून पाहिलं नाही, वृत्तपत्रांतही फार गाजला नाही. २५ एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बटलर यांचं पत्र आलं: ब्रियां बोलले ते ऐकलं का कुणी? आणि मग चर्चेला तोंड फुटलं. परराष्ट्रमंत्री केलॉग यांना दोनच देशांचा करार नको होता, कारण तो फ्रान्सशी लष्करी युतीसारखा झाला असता. त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. २७ ऑगस्ट १९२८ला पॅरिसमध्ये १५ देशांनी सही केली. त्यांत भारतही होता, अर्थात सही ब्रिटिश लॉर्ड कशेंडन यांची. अमेरिकी सिनेटने ८५ विरुद्ध १ मतांनी मान्यता दिली.

मूळ कलमं दोनच. राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग, आणि तंटे शांततेच्या मार्गानेच सोडवणं. मोडल्यास काय, याचं कलमच नाही. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाने पत्रव्यवहारातून राखून ठेवलेला, आणि स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. सप्टेंबर १९३१मध्ये जपान मांचुरियात घुसला. जपान पहिल्या पंधरांतला. त्यानंतर तीन महिन्यांत बटलर यांना नोबेल मिळालं! करार निव्वळ कागदी होता असं म्हणण्याची घाई मात्र करू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, तेव्हा आक्रमक युद्ध हा गुन्हा ठरवताना हाच कागद पुढे केला गेला.

नोबेलच्या दुसऱ्या मानकरी अमेरिकी समाजसेविका जेन अॅडम्स. त्यांनी १९१५मध्ये युद्ध चालू असताना हेगला भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेचं अध्यक्षस्थान भूषवलं, १९१७मध्येही विरोध सोडला नाही आणि वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या. त्या कोलंबियात प्राध्यापक असत्या तर १ ऑक्टोबरच्या यादीत दोनाऐवजी तीन नावं असती.

बटलर यांची सरकारांपुरतंच पाहण्याची सवय १९३०च्या दशकात वेगळ्या रूपात दिसते. १९३३च्या डिसेंबरात नाझी जर्मनीच्या राजदूताला कोलंबियात भाषणाला बोलावलं, कारण तो एका मित्रराष्ट्राचा अधिकृत प्रतिनिधी. १९३६मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ५५०व्या वर्धापनदिनाला प्रतिनिधी पाठवायचं ठरलं. तिथले ज्यू प्राध्यापक तोवर हाकलले गेले होते. विद्यार्थ्यांनी बटलर यांच्या घरासमोर निदर्शनं केली, आणि रॉबर्ट बर्क या विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढण्यात आलं. राजदूताला शिष्टाचार, विद्यार्थ्याला शिस्त. सरकारांशी बोलायची भाषा त्यांना उत्तम येत होती.

१९४५मध्ये, दृष्टी गेल्यावर, त्यांनी पद सोडलं. ७ डिसेंबर १९४७ला वारले, पॅटरसनला दफन झाले. आवारातल्या साऊथ हॉल या मोठ्या ग्रंथालयाला १९४६पासून बटलर यांचं नाव आहे. रॉबिन्सन १९३६मध्ये गेले होते, सेलिग्मन १९३९मध्ये. ५ जून १९५२ रोजी बाबासाहेब कोलंबियाची सन्माननीय एलएलडी घ्यायला पुन्हा न्यूयॉर्कला आले, तेव्हा बटलर यांची खुर्ची दुसऱ्याकडे होती. ड्यूईंना भेटायची त्यांना ओढ होती. ड्यूई चार दिवस आधी, १ जूनला, वारले होते. चौघांपैकी हयात होते ते एकटे शॉटवेल.