लाँग रननंतरच्या चहावरची चर्चा

आजही विषय तोच: टाटा मुंबई मॅरेथॉन धावताना मानसिक आरोग्याच्या कामासाठी निधी कसा जमवायचा?

गाडी अडते ती मेसेजपाशी. ग्रुपवर "सढळ हाताने मदत करा" टाकलं की नुसते अंगठे येतात. एकेकाला नावानिशी लिहा, रक्कम सांगा, ती कुठे जाणार तेही: समुपदेशकाचं मानधन, हेल्पलाइनची रात्रपाळी. पहिली देणगी घरातूनच घ्या. शून्य दाखवणाऱ्या देणगीच्या पानावर कुणी खिशात हात घालत नाही. देणाऱ्याला करसवलत हवी असेल तर २००० रुपयांवर रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही. त्याचा पॅन आधीच मागून ठेवा, नाहीतर शर्यतीत पेडर रोडच्या चढावर पावतीसाठी फोन!

मेसेजखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ टाकाच. देणगी मागायला गेलं की समोरचा कधीकधी स्वतःचंच दुखणं सांगू लागतो.