जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयांची चित्रे आणि कदंबांचे वीरगळ

पणजीहून रायबंदरमार्गे मांडवीच्या काठाकाठाने जुन्या गोव्यात पोहोचलेला बहुतेक प्रवासी बॉम जेझूस बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहून परत फिरतो. मी मात्र या वेळी मुद्दाम निघालो होतो तो कॅथेड्रलच्या पश्चिमेला असलेल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चकडे, कारण या चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे, १९६४ साली स्थापन झालेले संग्रहालय आहे. सध्याचे चर्च १६६१ मधील असले तरी त्याच्या दर्शनी भिंतीत आधीच्या चर्चचा कोरीव दरवाजा तसाच राखलेला आहे, तोही आत शिरण्यापूर्वी पाहून घ्यावा.

वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. दीवचा वेढा मोडून परतलेल्या गव्हर्नर जुआंव द काश्त्रू याने १५४७ मध्ये आपल्या पूर्वसुरींची चित्रे काढून घेण्याचे ठरवले आणि ते काम इतिहासकार गास्पार कोर्रैया याच्याकडे सोपवले. ज्यांना त्याने प्रत्यक्ष पाहिले होते त्यांचे चेहरेमोहरे कोर्रैयाने सांगायचे आणि रंगवायचे ते इथल्याच एका उपजत कौशल्य असलेल्या चित्रकाराने, अशी हकीकत खुद्द कोर्रैयानेच लिहून ठेवली आहे. त्या चित्रकाराचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. साडेचारशे वर्षे गोव्यावर राज्य केलेल्या सत्तेची ही मिरवणूक एका गोमंतकीयाच्या कुंचल्याने सुरू झाली, हे कळल्यावर त्या दालनात मला चिलखतांपेक्षा रंगांकडेच अधिक लक्ष द्यावेसे वाटू लागले. अर्थात आज दिसतो तो रंग त्याचाच असेल असे नाही, कारण दमट हवेने खराब झालेली ही चित्रे पुढच्या शतकांत वेळोवेळी पुन्हा रंगवली गेली आणि काहींवर तर एकावर एक असे अनेक थर चढले आहेत.

खालच्या मजल्यावरील दगडी शिल्पांपुढे मी सर्वाधिक वेळ घालवला. तिथे देवदेवतांच्या मूर्ती, सतीशिळा आणि मराठी कोरीव लेख तर आहेतच, पण माझी नजर खिळली ती कदंब राजघराण्याच्या काळातील वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर. त्यांपैकी एकावर चक्क युद्धनौका कोरलेली आहे. जुवारीच्या काठावरील गोपकपट्टण ही ज्यांची राजधानी होती आणि ज्यांचा व्यापार समुद्रावर चालत असे, त्या कदंबांच्या राज्यात वीरमरण जमिनीवरच येई असे थोडेच आहे! पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गोव्याचे समुद्राशी किती जवळचे नाते होते, याचा एवढा ठसठशीत पुरावा मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

याच संग्रहालयात पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश याचा भव्य कांस्यपुतळा आहे. तो १९६० मध्ये बाहेर मोकळ्या जागेत उभारण्यात आला होता. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि कालांतराने कवीचा मुक्काम आत हलवण्यात आला.