टेम्प्लेटमधला मॅक्रो नेमका कुठे अडतो?

एक्सेलच्या टेम्प्लेटमध्ये (नव्या फाइलींसाठीचा साचा) मॅक्रो (कामं आपोआप करणारा कोड) हवा असेल तर फाइल ‘एक्सएलटीएम’ प्रकारातच सेव्ह करा. ‘एक्सएलटीएक्स’मध्ये कोड राहतच नाही.

एक्सएलटीएमवर डबल-क्लिक केलं की मूळ फाइल नाही, तिची प्रत उघडते. ‘बिल.एक्सएलटीएम’वरून ‘बिल1’ तयार होतं, कोडसकट. ही प्रत अजून डिस्कवर नसते, म्हणून ‘धिसवर्कबुक.पाथ’ (कोडला मिळणारा फाइलच्या फोल्डरचा पत्ता) रिकामा येतो. हमखास गाडी अडते ती इथेच: मॅक्रो शेजारची दरपत्रकाची फाइल उघडायला जातो आणि त्याला पत्ताच सापडत नाही. पाथ रिकामा असेल तर आधी सेव्ह करायला लावा.

हीच तपासणी आणखी एका ठिकाणी लागते. ‘वर्कबुक_ओपन’मध्ये (फाइल उघडताच आपोआप चालणारा मॅक्रो) बिल क्रमांक टाकणारा कोड असेल, तर टेम्प्लेट दुरुस्तीसाठी उघडल्यावरही तो चालतो आणि क्रमांक साच्यातच जाऊन बसतो. म्हणून पाथ रिकामा असेल तरच क्रमांक टाका.

प्रत सेव्ह करताना ‘एक्सएलएसएम’ (मॅक्रोसकट साधी एक्सेल फाइल) निवडा. कोडमधून करत असाल तर फाइलफॉरमॅट 52. 51, म्हणजे मॅक्रो नसलेला ‘एक्सएलएसएक्स’, दिलात तर कोड गेलाच.

मेलवरून आलेल्या टेम्प्लेटचे मॅक्रो बंद राहिले, तर पाठवणारा खात्रीचा असेल तरच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा.