बिग हाऊसमधला शनिवार : अ‍ॅन आर्बरला फुटबॉल मॅच बघायला जाताना

अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमची फुटबॉल मॅच ‘बिग हाऊस’ या टोपणनावाच्या स्टेडियममध्ये बघायला अ‍ॅन आर्बरला जाणार असाल तर सगळ्यात आधी हे सांगतो : मॅच दुपारी साडेतीनला असली तरी गावात सकाळी दहापर्यंत पोचा. बरेच लोक किकऑफच्या, म्हणजे मॅच सुरू होण्याच्या, अर्धा तास आधी गाडी लावतात, सीटवर जाऊन बसतात आणि मॅच संपली की हायवेला लागतात. त्यांना खेळ दिसतो, गाव दिसत नाही. माझ्या मते अर्ध्याहून जास्त मजा गावातच आहे.

आम्ही गेलो २१ सप्टेंबर २०२४ ला, यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचला. कोल्हापूरहून आलेले आई-आबा बरोबर होते, आणि भाची तिथंच शिकते. आबांचा जन्म तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांच्या मॅचेस बघण्यात गेलाय. हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे अगदी निराळा खेळ, पण आपल्या टीमचा रंग अंगावर घालून घरादारासकट बाहेर पडणं हे पेठेतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी मेन स्ट्रीटवर पिवळ्या-निळ्या कपड्यांतली गर्दी बघूनच आबा खुलले.

राहायची सोय आधी बघा. मॅचच्या शनिवारी अ‍ॅन आर्बरमधल्या हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात. जवळच्या नोव्हाय, कँटन किंवा इप्सिलँटी या गावांत राहिलात तर स्वस्त पडतं. नोव्हाय आणि कँटनमध्ये भारतीय वस्ती भरपूर, त्यामुळं रात्री उशिरा परतल्यावरही वरण-भाताच्या जवळपासचं काहीतरी पोटात जातं. विमानानं येणाऱ्यांना डेट्रॉइटचा विमानतळ साधारण ४० किलोमीटरवर आहे. शिकागोहून अ‍ॅमट्रॅकची ‘वुल्व्हरीन’ रेल्वेगाडी थेट अ‍ॅन आर्बरला थांबते.

गाडी घेऊन जाणार असाल तर पार्किंगचा प्रकार समजून घ्या. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूल आहे, शेजारी गोल्फ कोर्स आहे. त्या दिवशी दोन्हीकडं गाड्याच गाड्या. शिवाय आजूबाजूच्या गल्ल्यांत घरवाले हातात पाट्या घेऊन उभे असतात आणि आपल्या अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात. मला हा पर्याय सगळ्यात आवडला. स्टेडियमपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवरचं अंगण निवडा आणि गाडीचं तोंड रस्त्याकडं राहील अशी लावायला सांगा. ज्या आजींच्या अंगणात आम्ही गाडी लावली, त्यांनी आईला घरातलं बाथरूम वापरू दिलं आणि निघताना सफरचंदं दिली.

मग टेलगेट. गाडीची डिकी उघडायची, घडीचं टेबल मांडायचं, शेगडी पेटवायची आणि मॅचपर्यंत खात-पीत गप्पा मारायच्या. गोल्फ कोर्सवरून नुसतं चालत गेलात तरी चार ठिकाणी कुणीतरी बोलावतं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता. शेजारच्या कुटुंबानं चिवडा संपवला आणि भाजलेली कणसं दिली. शाकाहारी असाल तर इथंच पोटभर जेवून घ्या. आत पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचोज मिळतात, पण चार तास त्यावर निघत नाहीत.

दोन गोष्टी चुकवू नका. किकऑफच्या साधारण दोन-अडीच तास आधी खेळाडू स्टेडियमपाशी उतरून गर्दीतून चालत आत जातात. नंतर रेव्हेली हॉलपासून युनिव्हर्सिटीचा बँड मिरवणुकीनं स्टेडियमकडं निघतो. ढोलांचा आवाज कानाआधी छातीत जाणवतो. रस्त्याच्या कडेला उभं राहायला लवकर जागा धरा, ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची असली तर उत्तम, फक्त ती नंतर गाडीत ठेवावी लागेल.

स्टेडियम बाहेरून बघून आई म्हणाली, “एवढंच? मला वाटलं केवढं मोठं असेल.” तिचं बरोबरच होतं, कारण स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे. आत शिरलं की एकदम पायाखाली ती अवाढव्य वाटी उघडते. आईनं माझा हात धरला आणि मिनिटभर कुणीच बोललं नाही. बसायची क्षमता १,०७,६०१. अमेरिकेत याहून मोठं स्टेडियम नाही. १९२७ साली बांधलं तेव्हा ७२,००० लोकांसाठी होतं, पण ते बांधून घेणाऱ्या फील्डिंग योस्ट यांनी पाया असा घालून घेतला की पुढं लाखाच्या वर माणसं बसवता यावीत. शंभर वर्षांपूर्वी, लहानशा गावात, हा विचार करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. इथली जमीन पाणथळ होती आणि बांधकामाच्या वेळी एक क्रेन चिखलात रुतली, ती अजून खालीच आहे, असंही गावातले लोक सांगतात.

तिकीट काढताना ओळीचा क्रमांक बघा. दारातून तुम्ही वरच्या बाजूला आत येता आणि मैदान खोल खाली असतं. कमी क्रमांकाची ओळ म्हणजे मैदानाजवळ, पण तेवढ्या पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी वरच्या ओळी घ्या. तिथून खेळाची मांडणीही जास्त चांगली दिसते. दुपारच्या मॅचला पश्चिमेकडची बाजू घ्या, ऊन पाठीमागं राहतं. पूर्वेकडं बसलात तर संध्याकाळपर्यंत सूर्य डोळ्यांवर. बाकं साधी, बहुतेकांना पाठ नाही, आणि माणसं खेटून बसतात. तिकीट फोनवर असतं, तेव्हा बॅटरी सांभाळा. बॅगांचे नियम कडक आहेत. पर्स, पाठपिशवी गाडीतच ठेवा, आणि औषधं किंवा वैद्यकीय सामान लागणार असेल तर युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर आधी नियम वाचा. एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत असं धरूनच चला.

खेळ कळत नसेल तरी चालेल, एवढं माहीत असलं म्हणजे झालं : चेंडू ज्यांच्याकडं आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचंय. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न. पाहुण्यांचा तिसरा प्रयत्न आला की सगळं स्टेडियम ओरडतं, विद्यार्थी किल्ल्या खुळखुळवतात, म्हणजे समोरच्या टीमला एकमेकांचं ऐकू येऊ नये. आबा हे पहिल्या क्वार्टरमध्येच, म्हणजे मॅचच्या चारांपैकी पहिल्या भागातच, शिकले. मधल्या थांबण्यांनी मात्र ते वैतागले.

“आता का थांबलेत सगळे? कुणाला लागलं का?”

“नाही आबा, टीव्हीवर जाहिराती चालू आहेत.”

“म्हणजे एवढी लाखभर माणसं जाहिरातींसाठी थांबलीत?”

त्यांचा राग रास्त होता, आणि मलाही तो पटतो. मॅच साडेतीन तास चालते, ती यामुळंच.

आमचं नशीब थोर, मॅच रंगली. हाफटाइमला मिशिगन १४-३ नं पुढं होतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये यूएससीनं २४-२० अशी आघाडी घेतली. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, अ‍ॅलेक्स ओर्जी याला अख्ख्या मॅचमध्ये पास टाकून फक्त ३२ यार्ड मिळाले, त्यामुळं सगळी भिस्त चेंडू घेऊन पळण्यावर. मिशिगनच्याच केलेल मलिंग्जनं एका धडकेत ६३ यार्ड काढले, आणि ३७ सेकंद उरलेले असताना, चौथ्या प्रयत्नात, शेवटचं एक यार्ड पार करून तोच मैदानाच्या टोकाला घुसला आणि मिशिगननं मॅच जिंकली. २७-२४. त्या क्षणी आबांना मागच्या ओळीतल्या अनोळखी पोरानं मिठी मारली आणि आबांनीही त्याची पाठ थोपटली.

संपल्यावर लगेच गाडीकडं धावू नका. रस्ते तासभर तुंबलेले असतात. बँड बराच वेळ वाजवत राहतो, तो ऐकत बसा. नंतर मेन स्ट्रीटनं अर्ध्या तासात गावाच्या मध्यभागी चालत जाता येतं. पायी चालायला जमत नसेल तर मॅचच्या दिवशी सिटी बसची खास शटल सुटते, तिचे थांबे सकाळीच बघून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरमधली, छोट्या टीमविरुद्धची मॅच धरावी. तिकीट स्वस्त, हवा चांगली, आणि गावातला उत्साह तसूभरही कमी नसतो. जुन्या प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्धची मॅच नोव्हेंबरच्या अखेरीस असते आणि विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला होते. तिची तिकिटं महाग, थंडी हाडं गोठवणारी. आई-वडील बरोबर असतील तर ती घरी टीव्हीवर बघा. तरुण असाल तर थर्मल, लोकरीचे मोजे आणि बाकावर अंथरायला जाड काहीतरी घेऊन जा.