‘चूल’ म्हणता येते? मग ‘त्सु’ही येईल

जळगाव-भुसावळ अप-डाऊनच्या अर्ध्या तासात फोनवर जपानी शिकून होतं, फक्त अ‍ॅपचं सगळं ऐकायचं नाही. आधी हिरागाना या जपानी लिपीची 46 अक्षरं पाठ करा आणि अ‍ॅपमध्ये सोय असेल तर रोमन लिपी बंदच करा. नाहीतर डोळा तिकडेच पळतो. ‘त्सु’ रोमनमध्ये वाचून अडखळायला होतं. तो आपल्या ‘चूल’मधला च, उकार तेवढा ऱ्हस्व. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट, म्हणून शब्दांच्या उजळणीचं कार्ड आवाजासकटच घ्या.

अँकी या उजळणीच्या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये रोज 20 नवी कार्डं आधीच ठरलेली असतात. ती 7 करा. नाहीतर उजळणीचा ढीग दीडशेवर जातो आणि माणूस अ‍ॅपच काढून टाकतो.

वाक्यरचनेची मात्र धास्ती नको. ‘वाताशि वा भरीत ओ ताबेरु’ म्हणजे ‘मी भरीत खातो’: क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, ‘ओ’ कर्माला चिकटलेला.