मुंबई-पुणे आणि तेही विमानाने?

मुंबई ते पुणे विमानाचं अंतर नेटवर शोधलं की साधारण १२० किमी येतं, आणि फ्लाइटचा वेळ तासाभराचा. हे बघून न्यू जर्सीच्या मावसभावाचा मेसेज, "ताई, तासात पुणं येतंय तर टॅक्सीत चार तास कशाला काढायचे?" म्हटलं बाबा रे, जरा थांब.

एक तर ते १२० सरळ रेषेतलं. अंधेरीहून कोथरूडला गाडीने दीडशेच्या आसपास होतात, आणि सीएसएमटीहून ट्रेनने तर १९२, कारण ती कल्याण-कर्जत करत जाते आणि मग बोरघाट. कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, तेवढ्यात आपला वडापाव होतो, तो वेळ मी तरी वाया गेलेला धरत नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय आणि सव्वातीन तासांच्या आतबाहेर पोचवते, सांगायचं एवढंच.

आता तो तास. विमान हवेत असतं जेमतेम अर्धा तास, वर चढलं न चढलं की उतरायचीच घोषणा. उरलेला वेळ जमिनीवर जातो, कारण मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि विमानांची ही लाइन लागते. इकडे पुण्याचं लोहगाव विमानतळ मुळात एअर फोर्सचं, त्यांची विमानं आधी. त्यात काउंटर तासभर आधी बंद म्हणजे आपण दोन तास आधी जाणार, मग बॅगेची वाट बघा, मग लोहगाव ते कोथरूड ट्रॅफिक... झाले की साडेचार तास! आणि तिकिटाचे पैसे वर.

पण म्हणून ही फ्लाइट बिनकामाची असं अजिबात नाही हं. ती मुळात मुंबईकरांसाठी नाहीच, बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. एकाच तिकिटावर पुण्यापर्यंत बुकिंग असेल तर आधीचं विमान लेट झालं तरी पुढची सोय एअरलाइन बघते. इमिग्रेशन, कस्टम्स मुंबईतच करावं लागतं, बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, तरी व्हीलचेअरवाल्या आईबाबांना रात्री तीनला एक्सप्रेसवेवर बसवण्यापेक्षा हे बरंच.

भाऊ धडधाकट आहे, त्यामुळे त्याला शेअर टॅक्सीच करून दिली. त्यात दोन अनोळखी माणसं, मांडीवर लॅपटॉपची बॅग, ड्रायव्हरचा फोन "साहेब, कुठल्या पिलरला उभे आहात?", तिसरा पॅसेंजर येईपर्यंत गाडी हलणार नाही, मग फूड मॉलला चहा, आणि पुण्यात शिरल्यावर आधी वाकड मग औंध मग आपण. सगळ्यात शेवटी उतरणं नेहमी कोथरूडवाल्यांच्याच नशिबी का असतं देव जाणे.

यापुढे मात्र गणित बदलेल. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, ते पनवेलजवळ, म्हणजे एक्सप्रेसवेच्या तोंडाशीच. अंधेरीपासून वाशीपर्यंतचं रडगाणंच संपलं. अमेरिकेची विमानं तिथे यायला लागली की मुंबई-पुणे फ्लाइटमध्ये कोण बसेल मला शंकाच आहे, तुमच्या ओळखीत कोणी आत्ता नियमित जात असेल तर कमेंटमध्ये सांगा, का जातात ते मला खरंच ऐकायचंय.